हस्तरचा सातबारा

‘तुंबाड’ची परीक्षणं पुण्या-मुंबईच्या शहाण्यांनी लिहिली, तिथेच घोटाळा झाला. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा नारळ फोडून ऑक्टोबर २०१८ मध्ये इथे लागला. समीक्षकांनी ‘लोभाचं रूपक’ म्हटलं, पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याला हात जोडले. प्रेक्षक मात्र फारसा फिरकला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. सहा वर्षांत लोकांची अभिरुची सुधारली म्हणे. आमच्या मुळशीतल्या कोळवणात विचारा, जमिनीचे भाव सुधारले होते.

मुळशीकराला त्यात भयपट दिसतच नाही. देवीच्या गर्भात उतरायचं, कणकेची बाहुली पुढे टाकायची, तिथला शापित देव हस्तर खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतून सोन्याच्या मोहरा झटकायच्या आणि दोर धरून वर यायचं. कणकेच्या बाहुलीला आमच्याकडे इसार म्हणतात. मालक तो मोजत बसला की सातबारा अलगद सुटतो. पुढे नायक विनायकराव हावरटपणा करून ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतो आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. इथे शहरातला प्रेक्षक किंचाळतो. कोळवणहून तिकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका गुंठ्यामागे चार एजंट पाहिलेला माणूस शांतपणे पॉपकॉर्न खातो.

हस्तरमुळे शापित झालेल्या म्हातारीच्या अंगातून झाड उगवतं, त्याची म्हणे अनेकांना शिसारी आली. आम्हाला अप्रूप झाड जगल्याचं. भातखाचरात भराव टाकून बांधलेल्या फार्महाऊसवर शोभेचा पामसुद्धा धड धरत नाही.

२०१८ च्याच नोव्हेंबरात प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमीन विकलेल्या बापाचा पोरगा गुंड होतो, म्हणून तो वास्तववादी ठरला. पण त्यात केल्या कर्माची फळं याच जन्मी मिळतात, म्हणजे ती परीकथाच की! ‘तुंबाड’मधला शापित मरत नाही, नुसता वाढत राहतो. हे वास्तव आम्ही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दर महिन्याला पाहतो.

एकच प्रसंग मुळीच पटला नाही. शेवटी बाप विनायकराव मोहरांची लंगोटीच पुढे करतो आणि मुलगा पांडुरंग चक्क नको म्हणतो. पांडुरंगाचं देऊळ शेजारी हडशीत आहे, त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. पण आयता आलेला प्लॉट नाकारणारा मुलगा या खोऱ्यात अजून पाहण्यात नाही. तेवढी अतिशयोक्ती वगळली, तर पाचपैकी साडेचार तारे.