मनातले लाडू, डब्यातले लाडू

मुलाच्या डब्याचं खातं माझ्याकडे आलं ते जून महिन्यात. बायकोची सकाळची शिफ्ट सुरू झाली आणि घरात खातेवाटप झालं. मोठ्या सुट्टीचा डबा, म्हणजे पोळीभाजी, आईने स्वतःकडेच ठेवला. मुरलेली माणसं वजनदार खातं सोडत नाहीत. माझ्या वाट्याला आला छोट्या सुट्टीचा डबा. दहा मिनिटांची सुट्टी आणि तळहाताएवढा डबा. "त्यात काय, कोरडा खाऊ तर द्यायचाय!" मी म्हणालो. सासू-सुनेचं एरवी फारशा गोष्टींवर एकमत होत नाही, पण त्या क्षणी दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं.

पहिला आठवडा बिस्किटांवर निघाला. तीही साधीसुधी नाहीत, पुड्यावर ओट्सची सोनेरी लोंबी छापलेली. शनिवारी चहा पिता पिता पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जो जास्त, त्याचं नाव आधी. इथे पहिला मैदा, मग साखर, मग तेल. ओट्स कुठे होते? लग्नपत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिंटू-पिंटू मंडळी असतात, तिथे. अगदी तळाला.

झालं. खाऊ घरीच करायचा, असं मी जाहीर करून टाकलं. तोही नाचणीचा. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही नाचणीला मान वाढला आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हा आकडा वाचला आणि माझ्या मनात लाडू फुटायला लागले.

"नाचणी रात्रभर भिजव, मोड आण, सावलीत वाळव, मग भाजून दळून आण. पचायला हलकी होते," आई म्हणाली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार पीठ आणलं. तुपावर मंद आचेवर भाजलं. नाचणी कच्ची राहिली तर टाळूला चिकटते, हे मला ठाऊक होतं. खमंग वास सुटला, शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या. इथे थांबलो असतो, कोमट पिठात किसलेला गूळ मिसळून लाडू वळले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला लाडू प्रवासात टिकणारे हवे होते. (प्रवास किती? घर ते शाळा, रिक्षाने बारा मिनिटं.) म्हणून मी गुळाचा पाक करायला घेतला, त्यातही चिक्कीचा गूळ घेऊन.

पाकाची परीक्षा सोपी असते. वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा. मऊ गोळी वळली तर तो लाडवाचा पाक. गोळी वाटीवर आपटून टणकन वाजली, तर चिक्कीचा. या दोन पाकांच्या मधे किती वेळ जातो? एक फोन घेण्याइतका. मी तो घेतला.

बावीस लाडू झाले. दिसायला देखणे. एक मी दाताने फोडून पाहिला. म्हणजे पाहायला गेलो. बायकोने बत्ता आणला, आईने अडकित्ता. शेवटी आईने लाडू हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, "डब्यात कशाला देतोस? खिशात दे. कुत्रं मागे लागलं तर उपयोगी पडेल."

तरीही मी तो डब्यात दिला. संध्याकाळी लाडू जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशी तोच गेला, तोच आला. तिसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात आमच्या घरातून शाळेत सर्वांत नियमित कोणी गेलं असेल, तर तो लाडू. चौथ्या दिवशी डायरीत बाईंची चिठ्ठी होती : 'मुले सुट्टीत लाडवाने कॅच-कॅच खेळत होती. कृपया मऊ खाऊ पाठवावा.'

चिरंजीव तिसरीत आहेत. मी त्यांना समोर बसवून हाडांची वाढ, कॅल्शियम, भरडधान्यं असं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण बाबा, तो फुटतच नाही. मग वाटायचा कसा?"

मी तोपर्यंत फक्त पोषणाचा विचार केला होता. प्रश्न भागाकाराचा होता. त्यांच्या बाकाभोवती चौघं जमतात आणि चारही डबे एकदम उघडतात. त्यामुळे खाऊकडून त्यांच्या अपेक्षा अगदी पक्क्या आहेत. चिवडा सांडतो. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात, मग त्या कोणी घेत नाही. थालीपीठ सगळ्यांना आवडतं, पण तेलाचा हात वहीला लागतो. हात धुवायला जावं तर सुट्टी संपते. एका हातात खाऊ, दुसऱ्या हातात खेळ, आणि प्रत्येकाला अख्खा तुकडा. "आणि ईशान्य बाजूला बसते ना," त्याने दिशा नुकत्याच शिकल्या होत्या, "तिला शेंगदाणे चालत नाहीत."

आमच्या वेळी भागाकार सोपा होता. सदऱ्याचं टोक लाडवावर गुंडाळायचं आणि वरून चिमणीच्या दाताने तोडायचा. मधे कापड असल्यामुळे लाडू उष्टा होत नसे. सदऱ्याचं काय होई, ते आई सांगेल. आता गणवेश पांढराशुभ्र आहे आणि धुण्याचं खातंही माझ्याकडेच आहे.

पुढच्या रविवारी पाकाच्या वाटेला गेलोच नाही. दोन वाट्या नाचणीचं पीठ, पाऊण वाटी तूप, वाटीभर किसलेला गूळ, दाण्याच्या कुटाऐवजी अर्धी वाटी भाजलेले तीळ (तिळात कॅल्शियम नाचणीहून जास्त, हे मी यावेळी कोणाला सांगितलं नाही), किंचित जायफळ. मग वाटलं, आपल्याही लाडवाचं लेबल लिहून पाहावं. पहिली नाचणी, आणि पाठोपाठ गूळ. त्या बिस्किटात साखर जिथे बसली होती, बरोबर तिथेच! गूळ हा शेवटी साखरेचा सख्खा भाऊ, फक्त गावाकडे राहिलेला. पाव वाटी गूळ कमी केला आणि त्याजागी खजूर घातला. आई म्हणाली, "खजूर काय कडू असतो?" मी लाडू आवळ्याएवढे वळले आणि विषय संपवला.

आता डबा रिकामा येतो. आठ लाडू जातात, त्यातले दोन त्याच्या पोटात. बाकीच्यांच्या बदल्यात कधी थेपल्याची सुरळी मिळते, कधी चटणीपूड लावलेली इडली, कधी केळ्याचे वेफर, ज्यांच्याविषयी मला कळू नये अशी त्याची इच्छा असते. माझं 350 मिलिग्रॅमचं गणित चौघांत विभागलं गेलं, तरी तक्रार नाही. तेव्हा डबा भरताना वाट्या आणि चमचे मोजाच, पण त्याआधी एक चौकशी करा : बाकाभोवती किती जण बसतात?