स्वस्त लॅपटॉप कसा घ्यावा व कसा सोसावा

प्रथम रक्कम ठरवावी आणि ती कुणालाही सांगू नये. छोट्या, स्वस्त लॅपटॉपच्या खरेदीतला हा पहिला नियम, आणि सर्वांत जास्त मोडला जाणाराही हाच. तुमच्याकडे २५ हजार आहेत हे घरातल्या कॉम्प्युटरवाल्या भाच्याला एकदा का कळले, की तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "मामा, अजून पाच टाका ना, मग बघा." पाच टाकले की आय-थ्री दिसू लागतो. आय-थ्रीपर्यंत आलाच आहात तर अजून पाचात रॅम दुप्पट होते. मग मेटल बॉडी, मग बॅकलिट कीबोर्ड, मग वेगळे ग्राफिक्स कार्ड. शेवटी हप्ते किती महिन्यांचे करायचे यावर चर्चा येते, आणि मामांना सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब तेवढा ठेवायचा होता, ही गोष्ट मामांच्याही लक्षात राहिलेली नसते.

भाच्याला बोल लावू नये. 'अजून पाच' हा नियम थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. २००५ साली अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टी यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरांचा लॅपटॉप जगापुढे मांडला. दाखवायच्या नमुन्याला हाताने फिरवून वीज तयार करायची दांडीही होती. २००७ साली खरे यंत्र कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा दांडी गळाली होती आणि किंमत दोनशे डॉलरांच्या घरात गेली होती. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत ही हिरवी-पांढरी यंत्रे आली. भारतात हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो तिथे. यंत्राची थट्टा पुष्कळ झाली, पण त्याची स्क्रीन भर उन्हात वाचता यायची. आज लाखभर रुपये मोजून घेतलेला लॅपटॉप गच्चीत नेऊन उघडून बघा, म्हणजे थट्टा कुणाची करायची ते कळेल.

२००७ मध्येच असूसचा ई-पीसी आला. सात इंची स्क्रीन, आणि साठवायला सगळी मिळून ४ जीबी जागा. लोकांनी तो हौसेने घेतला. २०११ साली आपल्या सरकारने २,२७६ रुपयांचा 'आकाश' टॅब्लेट आणला, त्याची रॅम २५६ एमबी होती. त्याच्या स्क्रीनला नुसते बोट लावून भागत नसे, दाबावे लागे. एवढा इतिहास पुरे. आपल्याला मिळणार आहे ते यंत्र या सर्वांपेक्षा किती तरी पटींनी बलवान आहे, हे मनाशी घोकत दुकानाची पायरी चढावी. पुढे अनेकदा उपयोगी पडते.

आता काम ठरवावे, आणि ते एकच ठरवावे. "जरा सगळंच" हे उत्तर या शास्त्रात बाद आहे. दुकानाचे टॅली चालवायचे असेल तर विंडोज लागते. मग विंडोज नसलेल्या जिओबुक किंवा क्रोमबुककडे वळूनही पाहू नये, मोह कितीही होवो. मोह होतोच, कारण २०२३ मधले जिओबुक १६,४९९ रुपयांना आले आणि वजनाने एक किलोही भरत नव्हते. पण आत प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा. मुलीचा अभ्यास, ईमेल, व्हिडिओ एवढेच असेल तर ते चालेल. क्रोमबुकही चालेल, फक्त घेण्याआधी त्या मॉडेलला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते पाहून घ्यावे. गूगल अलीकडच्या मॉडेलांना दहा वर्षे देते. पण ती दहा वर्षे त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजतात, तुम्ही पेढे वाटलेत त्या दिवसापासून नव्हे. सेलमध्ये निम्म्या किमतीला लावलेल्या क्रोमबुकची बरीचशी दहा वर्षे गोदामातच संपलेली असू शकतात.

खोक्यावरचा मजकूर वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. मोठ्या अक्षरांत छापलेले सोडून द्यावे. 'स्लिम', 'अल्ट्रा', 'गो' या शब्दांनी वेग वाढत नाही. बारीक अक्षरांत तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, रॅम. ४ जीबी असेल तर विंडोज ११ सुरू होते, याला मायक्रोसॉफ्टचीच साक्ष आहे: किमान ४ जीबी रॅम, किमान ६४ जीबी जागा. किमान म्हणजे गाडी सुटते. पोहोचण्याची हमी त्यात धरलेली नाही. सुरू झाल्यावर निम्मी-अधिक रॅम विंडोज स्वतःच घेऊन बसते आणि उरलेल्यात तुम्ही, तुमचा ब्राउझर आणि अँटिव्हायरस यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचे असते. ही रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल, म्हणजे पुढे वाढवता येणार नसेल, तर ८ जीबीखाली उतरू नये. इथे, आणि फक्त इथेच, भाच्याचे ऐकावे.

दुसरी, साठवण. 'ईएमएमसी' लिहिले असेल तर तीही बोर्डवर कायमची चिकटलेली, आणि एसएसडीच्या मानाने बरीच संथ. ६४ जीबीचे गणित आधीच करून ठेवावे, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटत नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे पहिल्याच दिवशी ६४ चे ५९ दिसतात. त्यातून खुद्द विंडोज वीसेक घेते, मोठा अपडेट आला की तो वर तात्पुरती जागा मागतो. तुमच्या वाट्याला येते ती खोलीतली एक खाट. अशा वेळी मोठी पेनड्राइव्ह लावावी. जागा अपुरी पडल्यास अपडेटसाठी बाहेरची साठवण वापरण्याची सोय विंडोजमध्येच आहे. आत एसएसडीसाठी मोकळा स्लॉट आहे का, हेही दुकानदाराला विचारावे. तो "आहे साहेब" म्हणेल. मग तो कुठे आहे ते दाखवायला सांगावे.

तिसरी, 'एस मोड'. त्यात मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलीच ॲप्स घालता येतात. घाबरू नये, त्यातून फुकट बाहेर पडता येते. परत आत शिरता येत नाही, पण तशी इच्छा झाल्याचे ऐकिवात नाही.

स्क्रीन बहुधा १३६६ बाय ७६८ ची असेल. रुंदीला कुणाची ना नाही, कमतरता उंचीची. खाली टास्कबार, वर टायटल, त्याखाली वर्डची रिबन, त्याखाली पट्टी. मधल्या फटीत तुमचा अर्ज. कंट्रोल आणि एफ-वन दाबले की रिबन मिटते. ब्राउझरमध्ये एफ-इलेव्हन दाबले की सगळी लवाजमा-मंडळी बाहेर जातात आणि नुसते पान उरते. या दोन कळा ज्याला ठाऊक आहेत, त्याची स्क्रीन विनाखर्च एक इंचाने वाढली असे समजावे. स्वस्त पॅनेलला एक गुणही असतो: जरा बाजूने पाहिले की रंग उलटेपालटे होतात. त्यामुळे लोकलमध्ये शेजारच्याला तुमचा पगार वाचता येत नाही.

हे सगळे ऐकून मन खचले असेल तर जुन्या मालाचा मार्ग मोकळा आहे, आणि खरे सांगायचे तर माझे मत त्याच बाजूला पडते. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास धुऊन-पुसून मांडलेले असतात. साडेबारा इंची लॅटिट्यूड किंवा थिंकपॅड नव्या स्वस्त लॅपटॉपच्या किमतीत मिळतो, त्याचा कीबोर्ड टंकलेखन संस्थेतून पास झालेल्याला शोभणारा असतो आणि बिजागऱ्या घट्ट असतात. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची हवी, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे जात नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यातही लॅटिट्यूड ७२९० ची रॅम बदलता येते, थिंकपॅड एक्स-२८० ची नाही. दोन्ही दिसायला सारखेच काळे.

दुकानदार म्हणेल, "साहेब, कंपनीचा माल आहे, मॅनेजरने वापरलाय, हात पण लावला नाही." न लावलेल्या त्या हाताने स्पेसबार गुळगुळीत कसा झाला, हे विचारू नये. निमूट नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबावी. मराठी इन्स्क्रिप्टवाल्यांनी अर्धविरामाच्या आसपासच्या कळा खास तपासाव्यात, आपला 'च' तिथेच बसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' अशी आज्ञा दिली की विंडोज एक पान लिहून देते. त्यात बॅटरी जन्मतः केवढी होती आणि आज केवढी आहे, दोन्ही आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातून वजा करावेत. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर मात्र सौदा तिथेच सोडावा. ते कुलूप पुढे आपल्याच गळ्यात पडते.

यंत्र घरी आले. आता संयमाचे प्रकरण.

क्लिक केल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवावेत. दुसरे क्लिक करू नये. यंत्र स्तब्ध दिसले तरी ते बहिरे नसते. तुमचे प्रत्येक क्लिक ते टिपून ठेवते आणि तुम्ही चहा घेऊन परत येता तोवर एकाच फाइलच्या चार खिडक्या उघडून ठेवते. टॅब तीन. चौथा उघडायचा तर आधीच्यांपैकी एकाला निरोप द्यावा. खोक्यासोबत आलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस पहिल्या संध्याकाळीच काढून टाकावा, विंडोजचा स्वतःचा पुरतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि यंत्र सुरू होताच कोण कोण उठून बसते ते पाहावे. ही यादी पाहून पाहुणे आले की न बोलावता बैठकीत येऊन बसणारे काही नातेवाईक आठवतील. यांना मात्र बिनदिक्कत उठवता येते.

व्हिडिओ ४८० वर पाहावा. अकरा इंची स्क्रीनवर फरक ओळखणारा अजून भेटायचा आहे. या किमतीत कॅमेरा बऱ्याचदा अर्ध्या मेगापिक्सेलचाही नसतो. तक्रार करू नये. ऑनलाइन मीटिंगमध्ये दाढी न केल्याचे त्यात कळत नाही, आणि मागच्या भिंतीवरची ओलही.

अशा यंत्रांत बहुधा पंखा नसतो. त्यामुळे आवाज नाही, पण तापले की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तेव्हा ते गादीवर ठेवू नये, उशीवर तर नाहीच. चंद्रपूरकरांनी मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कोणतेही महत्त्वाचे काम काढू नये. तसेही त्या वेळात ते कुणीच काढत नाहीत.

याउपरही यंत्र रडतच राहिले तर विंडोज पुसून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घालावी. ४ जीबीत ती ऐसपैस बसते, मराठी इन्स्क्रिप्ट तिच्यात असतेच, लिब्रेऑफिसही येते. पण दोघांनी या वाटेला जाऊ नये. एक, ई-टेंडर भरणारा ठेकेदार, ज्याची डिजिटल सहीची कळ ऐन शेवटच्या तारखेला रुसते. दुसरा, ज्याच्याकडे वीस वर्षांचा मजकूर श्रीलिपीत पडून आहे. त्याने आधी तो सगळा युनिकोडमध्ये आणावा, मग मिंटचा विचार करावा. तोवर बहुधा नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आलेली असते.

ती वेळ आली, की एक्स्चेंजची योजना असते. ऑनलाइन विचारतात: स्क्रीन फुटली आहे का, चार्जर आहे का, यंत्र सुरू होते का. सगळ्याची खरी उत्तरे द्यावीत. नवा लॅपटॉप घेऊन येणारा मुलगा दारात उभ्या उभ्या जुना सुरू करून बघतो, आणि त्याला त्या दिवशी आणखी पुष्कळ घरी जायचे असते. म्हणून तो यायच्या दिवशी यंत्र पहाटेच चालू करून ठेवावे.