आमच्यात समुद्र नसतो

नगर जिल्ह्याकडे तसं सगळं आहे. क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर आहे, साखर कारखाने आहेत, नेहरूंना कैदेत ठेवलेला किल्ला आहे, शिर्डी आहे, शिंगणापूर आहे आणि 2024 पासून अहिल्यानगर हे नवं नावही आहे. नाही तो फक्त समुद्र. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. पण लग्नाच्या पंगतीत एखादा मालवणकडचा पाहुणा शेजारी येऊन बसला की वाटायला लागतं. हा गृहस्थ मठ्ठ्याची वाटी हातात धरून शेवंडीबद्दल बोलतो. पहाटे होडी लागली, जाळ्यात शेवंड होती, मिश्या अजून हलत होत्या, तशीच घरी नेली, नुसतं हळद-मीठ लावलं... इथवर येईतो त्याचे डोळे मिटलेले असतात. आपण मुकाट्याने जिलबीकडे बघतो. आपण काय सांगणार? हुलग्याचे शेंगोळे? शेंगोळे उत्तमच लागतात, पण त्यांना मिश्या नसतात आणि ते पकडावेही लागत नाहीत.

अशा वेळी नगरकराने न डगमगता अकोले तालुक्याचं नाव घ्यावं.

आमचा जिल्हा मोठा अजब आहे. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे पावसाळ्यातही टँकरची वाट बघतात आणि पश्चिमेला घाटघरला पाऊस काही वर्षी 5000 मिलिमीटरच्या पुढे जातो. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर तिथलंच, आणि 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरणही तिथलंच. त्या डोंगरांतले ओढे, भाताची खाचरं आणि बांध ही आमची किनारपट्टी. तिथे शेवंडीचा भाऊबंद राहतो. शेवंड, कोळंबी आणि खेकडा हे सगळे दहा पायांच्या एकाच गणगोतातले. एक घराणं समुद्रात राहिलं, एक डोंगरात येऊन बिळात स्थायिक झालं. सधन शाखा आणि गावाकडची शाखा एवढाच काय तो फरक.

उन्हाळाभर हा खेकडा ओल धरून बिळात पडून असतो. जूनमध्ये पहिला दणका बसला, ओढ्याला लाल पाणी आलं, की तो बाहेर पडतो, तोही रात्री. याच सुमारास भंडारदऱ्याला काजवे बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. अंधारात पाहुणे माना वर करून झाडांकडे बघत असतात आणि गावातली मंडळी बॅटरी घेऊन, माना खाली घालून ओढ्याकडे. दोघांनाही आपापल्या जागी समाधी लागलेली असते. फरक इतकाच, की घरी जाताना एकाच्या हातात फोटो असतात, दुसऱ्याच्या हातात कालवण.

पकडण्याचं एक शास्त्र आहे. बॅटरीचा झोत पडला की खेकडा क्षणभर जागच्या जागी थबकतो. तेवढ्यात मागून, पाठीच्या कवचावर अंगठा आणि खाली बोटं, असा धरायचा. रतनवाडीकडचे आमच्या ओळखीचे एक मामा नवशिक्यांना एकच वाक्य सांगतात, "दादा, त्याला समोरून नमस्कार करायचा नाही." समोरून केला तर तो हात हातात घेतो आणि सोडत नाही. फारच ओढाताण झाली तर नांगी आपल्या बोटाला ठेवून खेकडा निघून जातो. पुढे कात टाकताना त्याला नवी नांगी फुटते. आपल्या बोटाची तशी सोय नाही. दिवसा बिळात हात घालायचा तर मामांची नजर आधी तोंडाशी असलेल्या मातीवर जाते. ताज्या चिखलाच्या गोळ्या आणि आत पाणी असलं तर घरमालक खेकडा. बीळ कोरडं आणि गुळगुळीत असलं तर आत कोण आहे याची चौकशी न करता पुढे जायचं.

पकडलेला माल बादलीत पडला की मला हमखास तो टोपलीचा किस्सा आठवतो. मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो, वगैरे. सभासंमेलनांतून हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेला आहे की खेकड्यांनाही पाठ झाला असावा. सांगणाऱ्याने खेकडे रात्रभर घरात ठेवून पाहिलेले नाहीत, एवढं मात्र खात्रीने सांगतो. मामांच्या बादलीवर परात असते आणि परातीवर वरवंटा. रात्रभर आतून खरखर चालू असते. एकदा वरवंटा ठेवायचा राहिला तर पहाटे चुलीमागे एक, कणगीखाली दोन आणि पाहुण्याच्या चपलेत एक असा निकाल लागला होता. कुणीही कुणाचा पाय ओढलेला नव्हता. सगळे मिळून सुटले होते.

बदनामी या प्राण्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे. 2019 च्या जुलैमध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. मग विरोधकांनी खेकडे आणून त्यांनाच अटक करा म्हणून आंदोलन केलं. मेलेल्यांच्या घरच्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खेकडा बांध पोखरतो हे खरं. खाचराचं पाणी एका रात्रीत निघून गेलं की अकोल्यातला शेतकरीही त्याच्या नावाने बोटं मोडतो. पण शेतकऱ्याची तक्रार बांधापुरती असते. तो सकाळी चिखल घालून भोक बुजवतो आणि संध्याकाळी आरोपीला रश्शात घालतो. चौकशी समिती नेमत नाही.

आता रस्सा. मामी नांग्या वेगळ्या काढतात. बारीक पाय पाट्यावर ठेचतात, पाण्यात कालवून फडक्यातून गाळतात. हे करडं, गढूळ दिसणारं पाणी म्हणजेच सगळी चव. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण आणि घरचा मसाला तेलात परतून झाला की हे पाणी त्यात पडतं आणि मग उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नसते. थांबली की रस्सा फुटतो आणि वर गोळे तरंगतात. बाहेर पाऊस कोसळत असतो, चुलीवर नागलीच्या भाकरी पडत असतात, आणि घरातला प्रत्येकजण काही ना काही कारण काढून स्वयंपाकघरात येऊन जात असतो. सर्दी-पडशाला हा रस्सा उतारा आहे असं तिकडे मानतात. त्यामुळे त्या दिवसात शिंकणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते.

खाणं हा तर निराळाच प्रकार. खेकड्याने कुणाचं पोट भरल्याचं ऐकिवात नाही. पोट भाकरी-भाताने भरतं. खेकडा असतो तो वेळ काढण्यासाठी. नांगी फोडायची, कोपऱ्यात अडकलेला पांढरा धागा ओढायचा, कवच चोखायचं, पुन्हा तपासायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत गुंतलेले, त्यामुळे फोन वाजला तरी वाजू द्यावा लागतो. बोलणंही बंद. नगर जिल्ह्याच्या राजकारणावर अवाक्षर न काढता चार नगरकर अर्धा तास एकत्र बसल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

यात तिथीचाही हिशेब असतो. अमावस्येला खेकडा भरलेला आणि पौर्णिमेला पोकळ असं जुनी माणसं सांगतात. आषाढातली अमावस्या म्हणजे दुहेरी योग : खेकडा भरलेला आणि श्रावण उंबऱ्यावर. त्या रात्री ओढ्याकाठी इतक्या बॅटऱ्या दिसतात की काजव्यांनी लाजावं.

मात्र याच सगळ्या धामधुमीत मामा एक गोष्ट न चुकता करतात. हातात आलेला प्रत्येक खेकडा ते आधी उलटा करून बघतात. पोटावरची झडप अरुंद, त्रिकोणी असली तर नर. रुंद आणि गोल असली तर मादी. झडप थोडी उचलली की कधीकधी आत साबुदाण्याएवढी पिल्लं दाटीवाटीने चिकटलेली दिसतात, प्रत्येकाला आपापल्या इवल्या नांग्या. समुद्रातली खेकडीण लाखोंनी अंडी घालते, त्यांतून अळ्या निघून पाण्यावर वाहत जातात. डोंगरातल्या या बाईला तशी चैन परवडत नाही. तिची पिल्लं थोडी, अंड्यातून थेट खेकडा होऊनच बाहेर येणारी, आणि चालती होईपर्यंत आईच्या पोटाशी. अशी मादी सापडली की मामा "जा बाई" म्हणून तिला पाण्यात ठेवतात. टाकत नाहीत, ठेवतात.

हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. समुद्राजवळच्या शहाण्यांना मात्र ते जमलं नाही. मुंबईच्या समुद्रात चपट्या डोक्याची एक शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर मिळायची. अंडीवाल्या माद्यांसकट उपसा झाला आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मासेमारीच बसली. आपल्या सह्याद्रीतले खेकडे तर अजून पुरते मोजूनही झालेले नाहीत. 2016 साली पाती, ठाकरे आणि खैरे या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती एकदम जगापुढे ठेवल्या. कुणी सांगावं, आपण ओळख व्हायच्या आधीच एखादीचं कालवण केलेलंही असेल.

तेव्हा येत्या आषाढात भंडारदऱ्याकडे गेलात तर खेकडा जरूर खा, शेवंडीचं दुःख तिथल्या तिथे विसराल. रस्त्याकडेला जिवंत खेकडे विकायला बसलेल्या बाई दिसतील. घ्यायच्या आधी एकेक उलटा करून बघा. पोटाशी पिल्लं असतील तर तिचेही पैसे द्या आणि तिला जवळच्या ओढ्यात सोडा. आणि भावात घासाघीस करू नका. त्यांच्या घरच्या कुणीतरी भर पावसात बिळात हात घातलेला असतो. आपल्याला तो फक्त खिशात घालायचा आहे.