शंभर तासांचा खुळेपणा

शहाण्या माणसाला वेळेचा हिशेब कळतो. घाटनांदूरला तो अवघडही नाही: सोयाबीन कधी पेरायचं, कधी काढायचं, अंबाजोगाईला बाजाराला कधी निघायचं, परळीकडची गाडी आज किती उशिरा येणार. ह्या हिशेबात रात्रीची जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून 'द विचर 3' खेळत बसणाऱ्या पोराला जागा नाही. "पोटाला काय मिळतंय त्यातून?" असं त्याला घरात रोज विचारतात. खरं उत्तर "काही नाही" असं आहे, आणि मी त्या पोराच्या बाजूचा आहे. गेम खेळून इंग्रजी सुधारतं, मेंदू तल्लख होतो, ही सारवासारव त्याने करू नये. तो खुळेपणा करतो आहे. खुळेपणा म्हणूनच त्याची बाजू घ्यायला हवी.

हा गेम पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड ह्या कंपनीने 19 मे 2015 ला बाजारात आणला. मुळात ही आंद्रेय सापकोव्हस्की ह्या पोलिश लेखकाची सृष्टी; तिच्यातली पहिली कथा 1986 मध्ये एका मासिकात आली होती. पैसे घेऊन राक्षस मारणारा, पांढऱ्या केसांचा गेराल्ट हा नायक. त्याने लेकीसारखी वाढवलेली सिरी बेपत्ता आहे, तिच्या मागावर भुतांची फौज आहे, आणि बापाला ती फौज पोचायच्या आत तिला गाठायचं आहे. नाकासमोर चालत गेलं तर पन्नासेक तासांत गोष्ट संपते.

पण नाकासमोर कुणी जात नाही. लेक संकटात असताना हा बाप वाटेत कुणाचा हरवलेला तवा शोधून देतो, घोड्यांच्या शर्यतीत उतरतो, खानावळीत बसून ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव मांडतो. शंभर तास कधी उलटले ते कळत नाही. शहाणा माणूस इथे हसतो. त्याने महाभारताचं वनपर्व उघडावं. राज्य गेलं, द्रौपदीची विटंबना झाली, अर्जुन अस्त्रांसाठी दूर गेला, आणि अशा वेळी युधिष्ठिर बृहदश्व ऋषींकडून नल-दमयंतीची अख्खी कथा ऐकत बसतो. पुढे मार्कंडेय त्याला सावित्रीची कथा सांगतात. दोन्ही गोष्टींवाचून युद्ध अडलं नसतं. तरी आपल्या घरांत सावित्री आहे, नल आहे, आणि कुरुक्षेत्रावर कुठल्या दिवशी कोणता व्यूह रचला ते कुणाला आठवत नाही. मोठी गोष्ट आडवाटेनेच माणसाच्या मनात उतरते.

ह्या गेममधली माझ्या मते सर्वांत मोठी आडवाट वेलेन ह्या दलदलीच्या मुलखात आहे. लढाईने पोखरलेला मुलूख. झाडांना प्रेतं टांगलेली. तिथल्या गढीवर फिलिप स्ट्रेंगर नावाचा दारुडा सरदार राहतो, लोक त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेल्या आहेत. त्यांना शोध, मग सिरीची खबर देतो, असा त्याचा सौदा. आपण शोधू लागतो आणि हळूहळू कळतं की हा माणूस बायकोला मारायचा, तिचं मूल पोटातच गेलं, आणि ते त्याने नाव न ठेवता, विधी न करता पुरून टाकलं. त्या मुलाचं आता पिशाच्च झालं आहे. तलवार काढून ते मारता येतं. दुसरा मार्ग असा, की बापाने स्वतः ते हातांत उचलायचं, उंबऱ्यापर्यंत न्यायचं, नाव ठेवायचं, क्षमा मागायची आणि उंबऱ्याखाली पुरायचं. त्या धिप्पाड, घाणेरड्या, अपराधी माणसाला ते ओंगळ पोर छातीशी धरून चालताना पाहणं फार जड जातं. त्याचा राग येत असतो, तो राग जात नाही, आणि तरी त्याच्या सोबत चालावं लागतं. चित्रपटात आपण हे बघून उठलो असतो. इथे त्याची वाट आपण राखलेली असते.

पुढे एका टेकडीवर झाडाच्या मुळांत कोंडलेला एक जीव भेटतो. मला सोड, दलदलीतल्या अनाथ पोरांना वाचवतो, असं तो म्हणतो. सोडलं तर पोरं वाचतात, पण जवळचं गाव उद्ध्वस्त होतं, बॅरनची बायको मरते, बॅरन गळफास घेतो. मारलं तर पोरं जातात. बायको वाचते पण तिचं भान गेलेलं असतं, आणि बॅरन तिला उपचारांसाठी दूर डोंगरांत घेऊन निघतो. निर्णय घेताना ह्यातलं काहीही ठाऊक नसतं. कोण बरोबर ते गेम कधी सांगत नाही. दहा वर्षं होऊन गेली तरी लोक ह्यावर भांडतात ते म्हणूनच. मी त्या जीवाला सोडतो. पोरांचा जीव समोर असताना दुसरा विचार मला करता येत नाही, मग परिणाम माहीत असले तरी.

शहाण्यांना निरुत्तर करणारी जागा शेवटाकडे आहे. मोठ्या लढाईत गेराल्टचा गुरू वेसेमिर मारला जातो. सिरी खचलेली आहे, जग बुडायला आलं आहे. बाप तिला समजुतीचे दोन शब्द सांगू शकतो, किंवा तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळू शकतो. समजुतीचे शब्द निवडणारा प्रौढ वाटतो. पण गेम अशा क्षणांची मनात नोंद ठेवत असतो: तिच्याशी खेळलात का, रागात सामान फोडत होती तेव्हा फोडू दिलंत का, तिला मदत करून जिवानिशी गेलेल्या पोराच्या थडग्याशी तिच्यासोबत गेलात का. सिरी परत येईल की नाही, ते ह्यावर ठरतं. तलवार किती भारी होती हे तिथे मोजलं जात नाही.

शहाणपणाचा हिशेब खुद्द लेखकानेही केला होता. गेम चालेल असं सापकोव्हस्कींना वाटलं नाही; नफ्यातला वाटा नाकारून त्यांनी ठोक रक्कम घेतली. गेम तुफान चालल्यावर 2018 मध्ये त्यांनी कंपनीकडे 6 कोटी झ्लॉटी मागितले, 2019 च्या डिसेंबरात नवा करार झाला. 2023 पर्यंत तिसऱ्या भागाच्या 5 कोटींवर प्रती खपल्या होत्या.

आणि खुळेपणाचं वावडं निदान आमच्या तालुक्याने तरी सांगू नये. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी (1551–1615) 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहायला कापड घेतलं, सुमारे चाळीस फूट लांबीचं. ती पासोडी आजही अंबाजोगाईत आहे. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा, असं परंपरा सांगते. अठरा अध्यायांसाठी सव्वा लाख! वेळेचा हिशेब करणारा माणूस पहिल्या हजारात थांबला असता.

आपल्याकडेही गेम होतात: 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम काढला. दुर्गा आणि विष्णू त्यात गोष्ट सांगतात, तो देखणा आहे, पण काही तासांत संपतो. मला शंभर तासांचा मराठी गेम हवा आहे, आणि त्याचं कथाबीज दासोपंतांच्याच आख्यायिकेत आहे. त्यांचे वडील दिगंबरपंत बीदरच्या बादशाहीत नारायणपेठेचे अधिकारी. दुष्काळ पडला, त्यांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांना खुली केली, सारा थकला, आणि बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं. कथेत दत्त गावकामगार पाडेवाराच्या रूपाने येऊन रक्कम भरतो आणि मुलगा सुटतो. गेममध्ये दत्त येईल की नाही, हे आधी सांगायचं नाही. आधी खेळाडूला गावोगाव फिरवायचं, उपाशी माणसांची नावं कळू द्यायची, मुलाला झोपवताना एक गोष्ट सांगायला लावायची. मग कोठाराची किल्ली त्याच्या हातात द्यायची.