मामांचे घोडे

नेसरीत घोडे मोजायचे तर सात. 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर सहा सोबत्यांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथंच. त्या सहांची नावं सांगताना माणसं अडखळतात, पण सातच्या आकड्यावर गावात दुमत नाही. दुमत आहे ते आमच्या थोरल्या मामांच्या अँबेसेडरमध्ये घोडे किती, यावर.

गाडी मार्क टू. रंग मूळचा पांढरा, आता शिळ्या ताकाचा. मामांच्या मते ती स्पोर्ट्स कार आहे. हसू नका, त्यांच्याकडं पुरावा आहे. 1955 साली इंग्लंडात एमजीए नावाची दोन माणसांची देखणी गाडी निघाली. तिचं इंजिन 1489 सीसीचं, हिचंही 1489. दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातली.

"सख्खी भावंडं रे ती!" मामा म्हणतात. "एक शर्यतीत पळालं, एक गडहिंग्लजच्या वडापला लागलं."

आता एमजीएचे घोडे सुरुवातीला 68 होते, थोड्याच दिवसांत 72 झाले. मामा अर्थात 72 धरतात. अँबेसेडरचे कुणी 50 लिहितं, कुणी 55. मग आपले निदान सतरा घोडे गेले कुठं, असं मी विचारलं, तर मामांऐवजी मिस्त्रीच गाडीखालून बोलला.

"तिला दोन कार्बोरेटर, हिला एक. तिचं कॉम्प्रेशन चढं, हिचं आपल्या हलक्या पेट्रोलसाठी उतरवलेलं. दोन तोंडांनी जेवणारा आन् एका तोंडानं जेवणारा सारखाच पळंल व्हय?"

शिवाय मोजण्यातही गंमत असते. जुन्या काळी बरेच कारखानदार इंजिन स्टँडवर चढवायचे, पंखा, डायनमो, सायलेन्सर काढून ठेवायचे आणि मग ताकद मोजायचे. म्हणजे पैलवान लंगोटावर पळवायचा आणि तोच वेग डोक्यावर वैरणीचा भारा असतानाचा म्हणून छापायचा. जॅग्वार ई-टाइपचं तर बघा. 1961 ला 3.8 लिटरचं इंजिन, घोडे 265. 1964 ला 4.2 लिटरचं, घोडे पुन्हा 265! साडेचारशे सीसीनं इंजिन फुगलं आणि तबेल्यात एक शिंगरूसुद्धा वाढलं नाही. मामांना याचं काही वाटलं नाही. घटप्रभेच्या काठी पाच एचपीची पाटी लावलेली मोटर साडेसातचं पाणी कशी उपसते, हे त्यांना ठाऊक आहे. (कुणाची मोटर, ते मी सांगणार नाही. मला सुट्टीला पुन्हा तिथंच जायचंय.)

घोड्यांचं राहू दे, निदान सीसी तरी पक्के असतील म्हणून मी आरसी बुक उघडलं. त्यात 1476! हा आकडाही अगदीच हवेतला नव्हे. सुरुवातीच्या अँबेसेडरना साइड-व्हॉल्व्हचं 1476 सीसीचं इंजिन होतं. 1489 चं आलं 1959 मध्ये. मामांची गाडी नंतरची, पण लिहिणाऱ्याच्या हातातून जुना आकडा गेला नसावा.

मिस्त्रीनं हेड खोललेलंच होतं. मी कागद घेतला. नव्या इंजिनाचा बोअर 73.025 मिलिमीटर, स्ट्रोक 88.9. शाळेतलं दंडगोलाचं घनफळ, गुणिले चार. बरोबर 1489 आले. आयुष्यात पहिल्यांदा ते सूत्र उपयोगी पडलं म्हणून मी खूश होतो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "पर बोरिंग झालंय की! चाळीसचा पिस्टन हाय आत."

चाळीसचा म्हणजे इंचाच्या चाळीस हजारांशांनी मोठा, साधारण एक मिलिमीटर. पुन्हा गुणाकार. 1531! झिजत झिजत इंजिन वाढलं होतं, उतारवयात पोट सुटावं तसं.

मामांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि आरसी बुकात ठेवला. "1476 सरकारी, 1489 कंपनीचं, 1531 आपलं," म्हणाले.

परवा वडापच्या थांब्यावर ते एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "सोळाशेचं इंजिन हाय. भाच्यानं स्वतः मोजलंय."