फरारी होण्याची पात्रता

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

तू मँचेस्टरला सुखरूप पोचल्याचं ताईकडून कळलं. त्यासोबत तिने जे सांगितलं, ते ऐकून मात्र मी खाली बसलो. निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणे तू वाण्याचे ७४० रुपये चुकते केलेस, इस्त्रीवाल्याचे ६० दिलेस, वाचनालयाची दोन पुस्तकं दंडासकट परत केलीस आणि चहावाल्याच्या वहीत आपल्या नावावर स्वतः उभं राहून काट मारून घेतलीस. अरे, देश सोडत होतास की देह?

मोठी माणसं कशी जातात ते बघ. २ मार्च २०१६ रोजी विजय मल्ल्या दिल्लीहून लंडनला गेले. तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते आणि त्यांच्या 'किंगफिशर' विमान कंपनीकडे १७ बँकांचे सुमारे ९,००० कोटी अडकले होते. कंपनीची विमानं २०१२ पासून जमिनीवर बसलेली, त्यामुळे बिचाऱ्यांना दुसऱ्याच्या विमानाने जावं लागलं. त्यांच्या नावाची नोटीस विमानतळांवर होती. त्या नोटिशीत आधी होतं, 'दिसल्यास अडवा.' पुढे त्याचं झालं, 'दिसल्यास कळवा.' एवढ्याशा क्रियापदावर माणूस लंडन गाठतो! तुझं व्याकरण पहिल्यापासून कच्चं, म्हणून तुला वाण्याकडे जावं लागलं. आठवडा उलटल्यावर बँकांनी सर्वोच्च न्यायालयात विनंती केली, यांना देशाबाहेर जाऊ देऊ नका. न्यायालयात उत्तर मिळालं, ते गेलेत.

आता तारणाचं. तुझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेचा माणूस ताईच्या घरी टेप घेऊन आला होता. त्याने खोल्या मोजल्या, गॅलरी मोजली, मोरीसुद्धा मोजली. तिकडे बँकांनी तारण म्हणून काय काय ठेवून घेतलं, तर त्यात 'किंगफिशर' हे नावही. एप्रिल २०१६ मध्ये त्या नावाचा लिलाव झाला. किमान बोली ३६६ कोटी ७० लाख. एकही गिऱ्हाईक आलं नाही. नावं ठेवायला सगळा देश फुकट तयार होता, मग नाव विकत कोण घेणार?

पुढे वसुली झाली हं, उगाच अन्याय नको. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की मल्ल्यांची मालमत्ता विकून बँकांना १४,००० कोटींहून जास्त परत दिले. तेव्हापासून त्यांची तक्रार आहे, बँकांनी माझ्याकडून जादा घेतले. तू कधी वाण्याला म्हणालास का, तुम्हीच माझं देणं लागता?

नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी हे तर आपल्यासारखेच भाचा-मामा. मुंबईत फोर्टमधल्या एका बँकशाखेतून खोटी हमीपत्रं मिळवून १३,००० कोटींहून अधिक रक्कम उचलल्याचा दोघांवर आरोप. ओरड होण्याआधीच, जानेवारी २०१८ मध्ये, दोघेही बाहेर. मामांनी तर आदल्या वर्षीच अँटिग्वाचं नागरिकत्व घेऊन ठेवलेलं. आणि तुझा मामा? मला अजून रेशनकार्डावरचा पत्ता बदलता आलेला नाही. त्यांच्यातल्या भाच्याचा अलिबागजवळ किहीमला बंगला होता. तो यंत्रांना दाद देईना, म्हणून मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. हमी कच्ची असली तरी बांधकाम पक्कं! त्याच महिन्यात लंडनमध्ये त्याला अटक झाली. कुठे, तर बँकेत. खातं उघडायला गेला होता. संस्कार सुटत नाहीत रे.

बडदास्तही बघ. मल्ल्यांना भारतात पाठवायचं की नाही, या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी २०१८ मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. भर दुपारी, दिवे न लावता. नैसर्गिक उजेड किती येतो ते बघायचं होतं. आमच्या जिन्यातला दिवा गेल्याला सहा वर्षं झाली, एकाही न्यायाधीशाने चौकशी केलेली नाही.

तुला वाटेल, मामा, मीही तसंच करतो. पण २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा १०० कोटींपासून पुढे लागतो. तुझं कर्ज २२ लाख. म्हणजे तू पळालास तरी फरारी ठरायची तुझी ऐपत नाही. तुझ्यासाठी संसद बसणार नाही, लंडनला तपास अधिकारी येणार नाहीत. बँकेचा तोच टेपवाला स्कूटरवरून येईल आणि तोही ताईकडे नाही. कागदावर जामीनदार म्हणून सही माझी आहे.

तेव्हा दर १० तारखेला व्याज भरत जा. मी जन्मानेच तुझा मामा आहे, आणखी बनवू नकोस.

तुझा,
मामा

ता.क. चहावाला म्हणतो, तुझ्या खात्यावर दोन कटिंग राहिल्येत. ते मी दिले. हिशेबात धर.