शिबिराची तारीख बदला

येत्या 1 ऑगस्टला जगभरचे स्काऊट आणि गाईड गळ्यात स्कार्फ घालून दिवसभर वावरतील. 1907 साली याच तारखेला इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी 20 मुलं जमवून पहिलं शिबिर लावलं, त्याची ही आठवण. हिंगोली जिल्ह्यातल्या काही शाळांतही त्या दिवशी परिपाठाला स्कार्फ दिसतील. मग 15 ऑगस्टचं संचलन, 7 नोव्हेंबरला भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा स्थापना दिन, 22 फेब्रुवारीला बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिवसाचा चिंतन दिन. आणि या शेवटच्या दोन तारखांच्या मध्ये, थंडी पडली की, मुक्कामी शिबिरं आणि मेळावे.

शाळा सुरू होऊन दीड महिना झाला. वर्षाचा कार्यक्रम सध्या कागदावर उतरतोय, म्हणून आताच सांगतो. शिबिरासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आपल्या जिल्ह्याला चालत नाहीत. ज्या लेकरांना शिबिराची सगळ्यात जास्त गरज आहे, ती या चार महिन्यांत जिल्ह्यातच नसतात.

गेल्या पावसाळ्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत गेलो होतो. गुरुजी व्हरांड्यात गाठी शिकवत होते. काठीला क्लोव्ह हिच मारायची होती. शहाण्या पोरांचे वेढे उलटे पडत होते, दोर घसरत होता. मागे बसलेला सहावीतला एक पोरगा उठला, दोन वेढे टाकले, दुसरा पहिल्याच्या खालून काढला आणि झटका देऊन आवळला. गुरुजींनी काठी उभी धरून दोर खाली ओढला. गाठ जागची हलली नाही.

‘कुठं शिकलास रे?’

‘मोळी बांधतो की, सर.’

उसाची मोळी बांधायला दोर नसतो. उसाच्याच वाढ्याला पीळ द्यायचा, मोळीखालून घ्यायचा, गुडघा दाबून आवळायचा आणि टोक आत खोवायचं. पोरगा ते आईबापाच्या कोयत्यावर शिकला होता. त्याच्याइतकी पक्की गाठ त्या व्हरांड्यात गुरुजींशिवाय कुणाला येत नव्हती.

डिसेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा तो नव्हता. दसरा झाला, मुकादमाची उचल घेतलेली होती, ट्रक आला, घरदार ऊसतोडीला गेलं. गुरुजींनी पत्र्याचं कपाट उघडून त्याचा स्कार्फ दाखवला. जाताना घडी घालून देऊन गेला होता. शिबिराचं पत्र त्याच आठवड्यात शाळेत आलं होतं.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही. पत्र काढणाऱ्यांनी थंडीतली चांगली हवा बघितली, सहामाही परीक्षा बघितली, मैदान कोरडं असण्याची सोय बघितली. फक्त साखर कारखान्यांचा हंगाम बघितला नाही. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या तांड्या-वाड्यांवर शाळेचं वर्ष जूनपासून मोजत नाहीत. ते ‘जायच्या आधी’ आणि ‘आल्यावर’ असं मोजतात.

एक शिबिर हुकलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. स्काऊटिंगला पायऱ्या आहेत: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, त्यापुढे राष्ट्रपती पुरस्कार. दोन पायऱ्यांच्या मध्ये ठरावीक महिने काम करावं लागतं, चाचणी द्यावी लागते, मुक्काम करावा लागतो. दर दसऱ्यानंतर गाव सोडणारं पोर पहिल्या पायरीवर अडकतं. दरवर्षी तेच. पुढं त्याला ना पुरस्कार, ना पुरस्काराबरोबर मिळणाऱ्या सवलती. ज्याच्या हातात गाठ आहे त्याच्या हातात प्रमाणपत्र नाही, हे मला सहन होत नाही.

थोडा इतिहास आठवा. 1909 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थानातलं पहिलं स्काऊट पथक निघालं, तेव्हा ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांपुरतं होतं. आपल्या पोरांना त्यात जागा नव्हती. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी 1913 च्या सुमारास भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. या सगळ्या धारा एकत्र यायला 7 नोव्हेंबर 1950 उजाडावा लागला. दाराबाहेर ठेवलेल्या पोरांसाठी दार उघडायला मोठमोठ्या माणसांनी आयुष्याची वर्षं घातली. तेव्हा अट कातडीच्या रंगाची होती. आज आपल्या जिल्ह्यात ती तारखेची झाली आहे, आणि तारीख बदलायला चळवळ लागत नाही. एक पत्र पुरतं.

माझं म्हणणं असं: तालुक्याचं मुक्कामी शिबिर पोळा आणि दसरा यांच्या मध्ये घ्या. कोळपणी-खुरपणी उरकलेली असते, सोयाबीन शेंगेत असतं, काढणीला अवकाश असतो. मुकादमाचा ट्रक यायचा असतो. तांडा भरलेला असतो. पाच तालुके, पाच शिबिरं. एवढंच.

पावसाचं काय? खरी अडचण आहे, कबूल. आपल्याकडं भाद्रपदात पाऊस झोडपतो. पण तंबू म्हणजे शिबिर, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? शाळेच्या वर्गात सतरंज्या टाका. उघडीप मिळाली की मैदानात तंबू उभारायला शिकवा, पाऊस आला की व्हरांड्यात प्रथमोपचार शिकवा. ओल्या लाकडावर चूल पेटवता येणं हीसुद्धा परीक्षाच आहे. ब्राउनसीचं शिबिरही ऑगस्टातच झालं होतं.

दुसरी गोष्ट हंगामी वसतिगृहांची. आईबाप तोडीला गेले की मागे राहिलेल्या लेकरांसाठी गावच्या शाळेत जेवणाची आणि राहण्याची सोय होते. स्काऊटिंगचे लोक इकडं का बघत नाहीत, हे मला कळत नाही. इथं मुलं रोज संध्याकाळी एकत्र आहेत, रात्री एकत्र आहेत, आणि आईची आठवण येऊन रडवेली आहेत. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांचा संघनायक, चार संघांचं पथक: वसतिगृहात हे आयतं जमतं. रात्री शेकोटी पेटवा, गाणी म्हणा, आकाशातला ध्रुव दाखवा. त्या लेकरांना ‘खरी कमाई’, म्हणजे काम करून पैसे मिळवणं, शिकवायला जाऊ नका, ती त्यांनी कोवळ्या वयात फार बघितली आहे. त्यांना खेळ द्या.

मुलींचं सांगायलाच हवं. गाईड पथकाला कॅप्टन बाईच लागते. दोन शिक्षकांची शाळा, दोघंही गुरुजी, की मुलींचं पथक निघतच नाही. पोरी रांगेत उभ्या राहून पोरांचं संचलन बघतात. केंद्रातल्या दोन-तीन शाळा मिळून एका मॅडमनी पथक चालवावं, त्यांना सात दिवसांच्या बेसिक कोर्सला पाठवावं, त्या काळात त्यांच्या वर्गाची जबाबदारी दुसऱ्यानं घ्यावी. हे केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. आणि शिबिराला लेक पाठवा, असं आईला सांगायला मॅडमनी स्वतः दारात जावं. चिठ्ठीवर आई लेक पाठवत नाही, मॅडमच्या शब्दावर पाठवते.

गणवेशाबद्दल एकच वाक्य लिहून पुढं जाणार होतो, पण मन ऐकत नाही. 2024-25 या वर्षी सरकारनं मोफत गणवेशातला एक स्काऊट-गाईडचा ठरवला. कापड वरून आलं, कुठं वेळेवर आलं, कुठं पावसाळा संपल्यावर आलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं गेला. या सगळ्या धावपळीत राज्यभर कपड्यांची चर्चा झाली. किती शाळांना प्रशिक्षित स्काऊट मास्तर मिळाला, ही चर्चा झाली नाही. स्काऊट कपड्यानं होत नाही. तो हातानं होतो.

आणि हाताला काय शिकवायचं, ते आपल्या जिल्ह्याची जमीनच सांगते. 21 मार्च 2024 ला पहाटे सहाच्या पुढं जमीन हलली, 4.5 तीव्रता. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत तर कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात आणि माणसं रात्री अंगणात येऊन बसतात. 1993 चं किल्लारी आपल्या मराठवाड्याच्या अंगावरचा व्रण आहे. अशा जिल्ह्यात स्काऊटनं पहिल्यांदा काय शिकावं? हादरा बसला की डोकं बाकाखाली, थांबला की रांगेनं मैदानात, आणि मैदानात गेल्यावर संघनायकानं आपली आठ डोकी मोजायची. एक कमी भरलं तर लगेच गुरुजींना सांगायचं. स्वतः आत पळायचं नाही.

स्ट्रेचर तर दोन मिनिटांत होतं. दोन सदरे घ्यायचे, बाह्या आत ओढून घ्यायच्या, गुंड्या लावायच्या आणि बाह्यांतून दोन काठ्या सरकवायच्या. माणूस झोपवला तरी सदरा फाटत नाही, कारण भार शिवणीवर विभागतो. स्कार्फची गोष्टही तीच. तो त्रिकोणी आहे, कारण तो मोडक्या हाताची झोळी होतो, डोक्याची पट्टी होतो. गळ्यात घालायला दिला, पण झोळी बांधायला शिकवली नाही, तर मुलाला अर्धाच स्कार्फ दिला.

दुसरं, साप. हळदीच्या आणि सोयाबीनच्या रानात पाय कुठं पडेल सांगता येत नाही. आजही माणसं जखम कापतात, चोखतात, वर करकचून दोरी आवळतात. बाराव्या वर्षाच्या गाईडला हे पाठ हवं: कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, चावलेला भाग फळीला हलका बांधून स्थिर ठेवायचा, 108 ला फोन करायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. घरात अशी एक पोर असली, तर मोठ्यांचा गोंधळ ती थांबवू शकते.

तिसरं, पाणी. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूरचा जलाशय, कयाधूचं पूर आलेलं पात्र आणि गावोगावची शेततळी. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो. म्हणून आधी दोर फेकायचा, दोर नसला तर लुगडं, लुगडं नसलं तर काठी. दोराच्या टोकाला बोलाइनचा फास हवा, कारण तो ओढल्यावर आवळत नाही. यासाठीच गाठी शिकतात. परीक्षेच्या फळ्यावर डकवायला नाही.

हे शिकवायला माणसं नाहीत, असं म्हणू नका. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे. त्यातले दोन जवान एका दुपारी शाळेत आले, तर पोरं वर्षभर तेच सांगत फिरतील. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत, निवृत्त फौजी आहेत. त्यांना बोलवा. त्यांना आजवर कुणी बोलावलं नाही, एवढंच.

आणि शिकलेलं वापरायला जागा शोधावी लागत नाही. जूनमध्ये शेगावहून गजानन महाराजांची पालखी पानकनेरगावला आपल्या जिल्ह्यात शिरते, नर्सीला नामदेवांच्या गावी येते, औंढ्याला नागनाथापाशी येते. पायाला फोड आलेला वारकरी, चक्कर आलेली म्हातारी, हरवलेलं लेकरू. परतवारीला नर्सीत, महाशिवरात्रीला औंढ्यात, अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीपाशी मोदकासाठी लागणाऱ्या रांगेत हीच गर्दी, हीच गरज. पाण्याचा पिंप आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन आठ पोरांचा संघ एका वळणावर उभा करा. कुंभमेळ्यात सेवा समितीच्या स्काऊटांनी शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

2027 मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कला जागतिक जांबोरी आहे. आपल्या जिल्ह्यातलं पोर तिथं जावं, असं मलाही वाटतं. जाईलही. पण ते व्हरांड्यातलं पोर आधी कळमनुरीच्या शिबिरापर्यंत पोचू द्या.

वाचकहो, 15 ऑगस्टला झेंडावंदनाला तुम्ही शाळेत जाणारच आहात. त्या दिवशी ग्रामसभाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे जे कुणी सदस्य भेटतील, त्यांच्याकडून जिल्हा संघटकांच्या नावे एक अर्ज लिहून घ्या: आमच्या तालुक्याचं स्काऊट-गाईड शिबिर यंदा दसऱ्याच्या आधी घ्यावं आणि आमच्या गावच्या हंगामी वसतिगृहात पथकाची नोंदणी करावी. खाली गावातल्या पाच पालकांच्या सह्या घ्या. त्यातल्या दोन तरी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या असू द्या. दसऱ्यानंतर सही करायला ते गावात नसतील.